घरातलं इंग्रजी कोण सांभाळतं

नोव्हेंबरमधली, शाळेत पालकांना भेटायची संध्याकाळ. इंग्लंडात लेस्टरला त्या दिवसांत साडेचारलाच दिवे लावावे लागतात. हॉलमध्ये ओल्या कोटांचा, दुपारच्या जेवणातल्या वाटाण्यांचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा मिळून एक वास साचलेला. पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्या पोरांच्याच, बुटक्या. त्यांवर बसलं की भल्याभल्या बापांचे गुडघे छातीशी येतात. प्रत्येकाला दहा मिनिटं. मी माझ्या टेबलाशी एका पोलिश आजीची वाट बघत होते आणि शेजारच्या टेबलाशी सहावीच्या वर्गशिक्षिका एका मुलीच्या आईशी बोलत होत्या. आई दीवची. अंगात कारखान्याचं गडद निळं जॅकेट, कपाळावर केसांच्या जाळीचा वळ. मधल्या खुर्चीवर मुलगी, दहा वर्षांची, दोघींची दुभाषी.

शिक्षिका म्हणाल्या, हिचं बोलणं उत्तम आहे, लिखाण मात्र वयाच्या मानाने मागे आहे, वाक्यं तुटक येतात. मुलीने ते जसंच्या तसं आईला गुजरातीत सांगितलं. स्वतःची तक्रार स्वतःच्या तोंडाने, काही न वगळता. मग शिक्षिका म्हणाल्या, रोज रात्री वीस मिनिटं आईने हिला जवळ घेऊन वाचायला बसावं, त्याने खूप फरक पडेल. मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, "मम्मी, टीचर कहे छे के मारे रोज वीस मिनिट वांचवानुं. हुं मारी जाते वांची लईश." आई हसली, मान डोलावली, "थँक यू, थँक यू" म्हणाली. शिक्षिकाही हसल्या. घंटी वाजली, दहा मिनिटं संपली, पुढचे पालक येऊन उभे राहिले.

मला गुजराती कळतं. घाटकोपरला वाढलेल्या मराठी मुलीला ते कळल्यावाचून राहत नाही.

पोरीने निरोपातून फक्त आई काढून टाकली होती.

वर्गशिक्षिकेला हे सांगावं का, हा प्रश्न घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात होता आणि नंतरही बरेच दिवस राहिला. सांगितलं असतं तर पोरगी खोटी ठरली असती. आणि काय सांगणार? आई दुपारी दोन ते रात्री दहा सँडविचच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभी असते, त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून आली होती, आणि इंग्रजी पुस्तक तिच्या हातात दिलं तर ती ते उघडेल, चित्रं बघेल आणि मिटेल. हे त्या मुलीला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग तिने केलं ते काय होतं? चुकीचा अनुवाद म्हणावा तर बाकीचं सगळं बिनचूक होतं.

माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे. थोडक्यात सांगायचं तर ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही, त्यांचं शाळेत बस्तान बसवून द्यायचं. सरकारी व्याख्या याहून सैल आहे: घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा कानावर पडते असं माहीत असलं किंवा वाटलं, की मूल या यादीत. इंग्लंडच्या शाळांतली साधारण पाचातली एक मुलं या यादीत येतात. आमच्या शाळेत ज्यांचं नाव यादीत नाही तीच मोजायला सोपी. पण एका यादीत कोण कोण असावं! आजोबा १९७२ मध्ये युगांडातून आले, आई-बाप इथेच जन्मले, स्वतःला गुजरातीत फक्त 'पाणी' आणि 'चालो' येतं, अशी मुलगीही तीत आहे आणि मागच्या मंगळवारी विमानातून उतरलेला मुलगाही तीत आहे. सोमाली कुटुंबांची तर गंमतच. लेस्टरमधली बरीच सोमाली कुटुंबं थेट सोमालियातून आलेली नाहीत, आधी काही वर्षं हॉलंडमध्ये राहून आलेली आहेत. म्हणजे भावंडं आपापसांत भांडतात डचमध्ये, आईशी बोलतात सोमालीत, संध्याकाळी मदरशात अरबी म्हणतात, आणि आमच्याकडे इंग्रजी शिकायला बसतात. फॉर्मवर 'मातृभाषा' म्हणून रकाना एकच.

आणि दीवचे लोक म्हणजे ऑफिसची परीक्षा. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्याबरोबर दमण आणि दीवही भारतात आलं. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टावर पुष्कळ कुटुंबं लेस्टरला आली. या मुलीचे आईबाप ब्रेक्झिटचं दार बंद व्हायच्या बेतात असताना, २०२० च्या अखेरीस, तिला घेऊन पोचले. ऑफिसातल्या बाईंनी पासपोर्टचा रंग पाहून संगणकात 'पोर्तुगीज' टाकलं, आणि पोरीच्या स्वागताला पहिल्या दिवशी मदेराहून आलेल्या एका मुलाला उभं केलं. तो बिचारा मन लावून पोर्तुगीजमध्ये बोलत राहिला. ती मन लावून ऐकत राहिली. शेवटी जेवणाच्या रांगेत वाढणाऱ्या बाईंनी "बेटा, शाक लईश?" विचारल्यावर तिने तोंड उघडलं. या गावात मराठी माणूससुद्धा भाजी गुजरातीतच घेतो, तिथे शाळेच्या खात्यावर गुजराती पोर पोर्तुगीज म्हणून नोंदलेली होती. रकाना दुरुस्त व्हायला पुढे बराच काळ गेला. पण ते सोडा.

लेस्टरला या बाबतीत मागचा अनुभव कमी नाही. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना हाकललं तेव्हा इथल्या कौन्सिलने 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'लेस्टरला येऊ नका' असं सांगितलं होतं. लोक आले ते आलेच, आणि आज बेलग्रेव्ह रोडच्या दिवाळीच्या रोषणाईची जाहिरात तेच कौन्सिल करतं. आमच्या शाळेत पूर्वी शिकवलेल्या एक निवृत्त बाई कधीमधी येतात. त्या सांगतात, तेव्हा अशा मुलांना वेगळ्या भाषाकेंद्रात पाठवायचे. इंग्रजी आलं की मग मुख्य शाळा. चांगल्या मनाने चाललेलं काम होतं ते, मुलांना मायेने शिकवत. पण तोवर बाकीचं गणित, विज्ञान, मैत्र्या सगळं दुसरीकडे घडून जायचं. १९७५ मध्ये शाळांतल्या इंग्रजीवर नेमलेल्या सरकारी बुलक समितीने म्हटलं होतं की घरची भाषा शाळेच्या उंबऱ्याशी उतरवून ठेवायची अपेक्षा मुलाकडून करू नये. १९८६ मध्ये यॉर्कशरमधल्या कॅल्डरडेलच्या प्रकरणात वंशसमानता आयोगाने ही वेगळी केंद्रं भेदभावाची ठरवली, आणि हळूहळू सगळीकडे मुलं मुख्य वर्गात आली. माझ्यासारख्या बायका त्यांच्यामागून वर्गात आल्या. वर्गाच्या कोपऱ्यात, खिशात चित्रांची कार्डं घेऊन.

कोपऱ्यात बसून सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर गप्प बसणं. नवीन मूल बोलत नाही. आठवडे, कधी अख्खं सत्र. वर्गशिक्षक हवालदिल होतात, 'ऐकायला येतं ना त्याला?' असं मला बाजूला घेऊन विचारतात. मध्यंतरी एक अफगाण मुलगा आला होता. त्याची बसायची रीत मला आजही डोळ्यांसमोर दिसते. पेन्सिलींना टोक काढून झाल्यावर तो त्या डब्यात लांबीप्रमाणे लावायचा, सगळ्यात आखूड डावीकडे. शिक्षिका बोलायला लागल्या की त्याचे डोळे त्यांच्या तोंडावर नाही, शेजारच्या मुलाच्या हातावर असायचे. शेजारच्याने वही उघडली की हाही उघडायचा, अर्ध्या क्षणाच्या अंतराने. इतकं कमी की पाठीमागून पाहणाऱ्याला वाटावं, दोघांनाही सूचना एकदमच कळली. दिवसभर एवढं बारकाईने पाहत राहणं म्हणजे केवढं काम! तिसऱ्या प्रहरी त्याचं डोकं दुखायचं, ते तो बोटाने दाखवायचा. त्याचं पहिलं इंग्रजी वाक्य मी शिकवलेल्यांपैकी एकही नव्हतं. फुटबॉलच्या मैदानावर, पंच झालेल्या शिक्षकाच्या तोंडासमोर बोट नाचवत तो ओरडला, "सर, दॅट्स नॉट फेअर!" उच्चार लेस्टरच्या गल्लीतला, अस्सल. त्यानंतर तो गप्प बसलाच नाही. मग त्याचीही तक्रार यायला लागली.

या गप्प बसण्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे. मला ते पुस्तकांच्या आधी ठाऊक होतं. आम्ही मराठी माध्यमातले, पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी पुढे २००० साली आलं. दहावीला विज्ञानात मार्क चांगले पडले म्हणून अकरावीला विज्ञान घेतलं, आणि कॉलेजच्या पहिल्याच तासाला कळलं की वर्गात दोन वर्ग आहेत. पुढच्या बाकांवर कॉन्व्हेंटच्या मुली, त्यांचे सरांशी विनोद चालायचे. आम्ही मागे. पहिल्या सत्रभर मी वर्गात जेवढं इंग्रजी बोलले ते हजेरीला 'प्रेझेंट सर' एवढंच, आणि तेही आपला नंबर यायच्या आधी तीनचार नंबर मनात घोळवून. उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर आतमध्ये तयार असायचं, पूर्ण, आकृतीसकट. ते बाहेर काढायचा जिना दुसऱ्याच इमारतीत होता. पुढचं कोणी तेच उत्तर अर्धवट देऊन 'व्हेरी गुड' घेऊन जायचं आणि मी वहीत शाईचे ठिपके जोडत बसायचे. घरी आईने विचारलं, कसं चाललंय कॉलेज, तर म्हणायचे, मस्त. आता विचार करते तर मीही आईला गाळीव अहवालच देत होते, भाषा एक असूनही.

इंग्लंडात पहिलीच्या मुलांची एक परीक्षा असते, फोनिक्सची. २०१२ पासून. शिक्षिकेने मुलाला एकट्याला बसवायचं आणि चाळीस शब्द वाचायला द्यायचे. त्यांतले वीस खरे आणि वीस बनावट. अक्षरांवरून उच्चार करता येतो का एवढंच बघायचं असतं, म्हणून मुद्दाम अर्थ नसलेले शब्द घालतात; पहिल्या वर्षी 'गेक', 'थॅझ', 'क्वेम्प' असले होते. मुलाने गोंधळू नये म्हणून बनावट शब्दाशेजारी एका परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं: हे त्याचं नाव आहे असं समज आणि वाच. घरी इंग्रजी बोलणारी मुलं इथे अडतात, कारण ती 'थॅझ'ला ओढूनताणून ओळखीच्या शब्दावर नेऊन बसवतात. आमची यादीतली मुलं मात्र धडाधड वाचतात. एका रोमानियन मुलीने चाळीसच्या चाळीस बरोबर वाचले आणि मग मला चित्र नसलेले शब्द दाखवून विचारलं, "मिस, यांचे प्राणी कुठे गेले?" तिच्या लेखी सगळेच शब्द परग्रहावरचे होते. ती उत्तीर्ण झाली, शाळेचा आकडा सुधारला, मुख्याध्यापक खूश. मी त्या दिवशी खूप हसले, पण ती मुलगी वाचते असं आता कागदावर लागलं होतं, आणि कागदावर लागलेलं पुसणं किती अवघड ते मला 'पोर्तुगीज'वरून माहीत होतं.

खरी फसगत पुढेच आहे. मैदानावरचं इंग्रजी भराभर येतं. दोन वर्षांत मूल असं बोलायला लागतं की फोनवर ऐकणाऱ्याला कळू नये. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं की बोलण्याचं इंग्रजी आणि धड्याचं इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं दोनेक वर्षांत येतं, दुसऱ्यात आपल्या वर्गातल्यांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षं लागतात. आम्हा लोकांत हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण इंग्लंडात शाळांच्या निधीच्या सूत्रात अशा मुलामागे जादा पैसे धरतात ते शाळेत आल्यापासूनच्या तीन वर्षांपुरते. तीन वर्षांनी पैसे थांबतात, नेमके जेव्हा मूल उत्तम बोलतं आणि लिहिताना अडखळतं. एके काळी मूल इंग्रजीत कुठल्या पायरीवर आहे ते ए ते ई अशा अक्षरांत सरकारला कळवावं लागे. २०१६ मध्ये ते सुरू केलं आणि दोन वर्षांत बंद केलं. आम्ही शाळेपुरतं अजून ठेवलंय. दीवची मुलगी माझ्या हिशेबात सी. ऑफिसातल्या कोणालाही विचारा, म्हणतील ई, ई म्हणजे अस्खलित. कारण ऑफिसात ती रोज बोलताना दिसते. नवीन आलेल्या कुठल्याही गुजराती आईसाठी तिला वर्गातून बोलावून आणतात.

एकदा तिची विज्ञानाची वही घेऊन बसले होते. विद्युतमंडलाचा धडा. प्रयोग तिने बरोबर केला होता, आकृती इतकी नेटकी की पट्टी कुठे ठेवली ते कळावं. खाली निष्कर्ष: 'इफ यू पुट वन मोर बॅटरी इट गोज लाइक रिअली ब्राइट बिकॉज इट्स गॉट मोर.' चूक काहीच नाही. समोर उभी राहून सांगितली असती तर पूर्ण गुण. पण परीक्षेला हवं ते वाक्य वेगळ्याच घरातलं: 'द मोअर सेल्स देअर आर इन द सर्किट, द ब्रायटर द बल्ब.' असं कोणी मैदानावर बोलत नाही, जेवणाच्या रांगेत बोलत नाही आणि तिच्या घरी तर नाहीच. मग हे तिने ऐकायचं कुठे? मी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापली, चार घरं पाडली, वाक्याचे तुकडे एकेका घरात लिहिले आणि पहिल्या व तिसऱ्या घराला खिडकी ठेवून खालून कागद सरकवता येईल असं केलं. तिने दोनदा सरकवून पाहिलं. मग बल्ब सोडून दिला आणि आपलीच वाक्यं बनवायला लागली: जितकी लांब सावली तितका खाली सूर्य, जितकी जास्त वीज तितकं मोठं बिल. बिलावर मी थांबले.

"बिल तू बघतेस?"

"मिस, मीटरचं रीडिंग मीच पाठवते. मम्मीचा पासवर्ड माझ्याकडे आहे."

त्यानंतर मी विचारत गेले आणि ती सांगत गेली, काही विशेष नाही अशा आवाजात. कौन्सिल टॅक्सचं पत्र तीच वाचते. डॉक्टरांकडे वडिलांच्या पाठीचं दुखणं तीच सांगते. त्यांना कुठे आणि कसं दुखतं ते तिला त्यांच्यापेक्षा नीट सांगता येतं, असं म्हणाली. बॉयलर बंद पडला तेव्हा घरमालकाच्या एजंटला तिने फोन केला आणि "आधी मोठ्या माणसाशी बोलायचंय" म्हटल्यावर आवाज बदलून परत केला. धाकट्या भावाला नर्सरीत घालायचा फॉर्म तिने भरला, आणि मातृभाषेच्या रकान्यात, हे सांगताना ती जरा हसली, 'गुजराती, नॉट पोर्तुगीज' असं लिहिलं. बॅटरीचा निष्कर्ष लिहिता न येणारी ही मुलगी एका घराचा इंग्रजी कारभार चालवते आहे. आमच्याकडच्या अहवालात याला जागा नाही. तिथे लिहिलेलं असतं: शब्दसंपदा मर्यादित.

मुलांना आईबापांचे दुभाषी करू नये असं सगळेच म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. दवाखान्यातल्या भिंतीवर पाट्या असतात, हव्या त्या भाषेतला दुभाषी फोनवर मागवा. पण दहा मिनिटांच्या भेटीसाठी कोण मागवतं? पैसे लागतात, आधी वेळ ठरवावी लागते, आणि समोर एक चुणचुणीत पोरगी बसलेलीच असते, दोन्हीकडचं फाडफाड बोलणारी. आईने इंग्रजी शिकावं म्हणाल तर मोठ्यांचा वर्ग मंगळवारी सकाळी असतो. ती येत होती काही दिवस, भावाला नर्सरीत सोडून. मग कारखान्याने पाळी बदलली. या सगळ्याला कोणी एक जण जबाबदार नसतो, म्हणून ते सगळं आपोआप घरातल्या सर्वांत लहान शहाण्या माणसाच्या अंगावर जाऊन पडतं. आपल्याकडेही हे नवं नाही. गावाकडून आलेलं टपाल वाड्यातल्या चौथी शिकलेल्या पोराकडून वाचून घेणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत, आणि त्या पोरांनीही वाईट बातमी वाचताना एखादी ओळ गिळली असणारच.

मार्चमध्ये पुन्हा पालकांची भेट आली तेव्हा मी वर्गशिक्षिकेला म्हटलं, या कुटुंबाच्या वेळी मी बसते. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, सुटल्यासारख्या झाल्या. मुलीला म्हटलं, तू जा, तिकडे पुस्तकांचा स्टॉल आहे. ती गेली नाही. खुर्ची मागे ओढून आमच्या दोघींच्या तोंडांवर लक्ष ठेवून बसली. वर्गशिक्षिकेने लिखाणाचं सांगितलं, मी ते आईला सांगितलं. मग वीस मिनिटांचं सांगायच्या ऐवजी मी आईला विचारलं, घरी हिच्याशी काय बोलता? आई मोकळी झाली. दीवच्या घराचं बोलली, सासरे मासेमारीची होडी घेऊन जायचे त्याचं, रविवारी कधी पोरं मागे लागली तर वादळात होडी अडकली होती ती गोष्ट सांगते, असं म्हणाली. इतका वेळ 'थँक यू'वर चालणाऱ्या बाईच्या हातवाऱ्यांत होडी डुलत होती. मी वर्गशिक्षिकेकडे वळून म्हटलं, आई दर रविवारी मुलांना गुजरातीत गोष्टी सांगते, आणि हे वाचनाइतकंच कामाचं आहे, गोष्ट कुठल्याही भाषेत ऐकली तरी ती कशी बांधायची ते कळतं. वर्गशिक्षिकेने खूश होऊन लिहून घेतलं.

"मिस," मागून आवाज आला, "दर रविवारी नाही. मम्मी म्हणाली कधी कधी."

वर्गशिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कधी कधी. त्यांनी खोडून लिहिलं. गाळलेलं चालतं, पदरचं घातलेलं चालत नाही, असा त्या मुलीचा नियम असावा. दुभाष्यांच्या कुठल्या अभ्यासक्रमात तो बसेल की नाही कोण जाणे, पण नोव्हेंबरपासून मी ज्याला अडले होते त्याचं मला तिथे बरंचसं कळलं. ती आईची बाजू घेत होती खरी, पण आई आहे त्याहून मोठी करून दाखवायची तिला गरज वाटत नव्हती. ती हौस माझी होती. मराठी माध्यमातून आलेल्या, कॉलेजात मागे बसलेल्या बाईची, जिला अजूनही गोऱ्या वर्गशिक्षिकेसमोर आपल्यातली एक आई जरा बरी दिसावी असं वाटतं. नोव्हेंबरचं मी कोणाला सांगितलं नाही आणि आता सांगणारही नाही. वीस मिनिटं ती एकटी वाचते की नाही, ते मात्र वहीवरून दिसतं: वाचते.

मे महिन्यात सहावीच्या परीक्षा झाल्या. वाचनाच्या पेपरला एक तास असतो, आणि उतारे असे की इंग्लंडच्या घरांत, बागांत, सुट्ट्यांत वाढलेल्याला अर्धे आधीच ठाऊक. ती शेवटच्या उताऱ्यापर्यंत पोचली नाही. गणितात तिने छान केलं. जुलैत माध्यमिक शाळेला पाठवायचे फॉर्म आले. प्रत्येक मुलामागे एक पान, आणि इंग्रजीची मदत लागते का या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन, खाली दोन ओळींची जागा. ऑफिसने तीन वर्षं उलटली म्हणून आधीच 'नाही' वर खूण करून पाठवलं होतं. मी ती खोडून 'हो' केलं आणि पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. बोलण्यावर जाऊ नका. लिहिताना वाक्याचा सांगाडा द्या, पुढचं ती करते. विज्ञानाचे शब्द धड्याच्या आधी द्या. घरचं सगळं इंग्रजी ही सांभाळते, तेव्हा गृहपाठ उशिरा आला तर आधी विचारा, मग रागवा. दोन्ही भाषांत अचूक निरोप पोचवते, हेही लिहिलं. कुठेतरी लिहिलं जावं असं मला वाटत होतं.

सत्र संपायच्या आठवड्यात त्या शाळेतून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. तुमचं मागच्या पानावरचं वाचलं म्हणाल्या, फारच उपयोगी, असं कोणी लिहीत नाही. मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, सप्टेंबरात आमच्याकडे आठवीत दोन नवीन मुलं येताहेत, घरी फक्त गुजराती, आई-वडिलांना इंग्रजी अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय ही मुलगी निरोप अचूक पोचवते. तर सुरुवातीचे काही आठवडे तिला अधूनमधून वर्गातून बोलावलं तर चालेल का?

मी विचारलं, तिचं विज्ञान कोणत्या तासाला आहे.

वेळापत्रक अजून लागलं नव्हतं. मी म्हटलं, लागलं की मला कळवा, आणि तोवर फोनवरच्या दुभाष्यांचा नंबर देते, लिहून घ्या.